ट्रिव्हिअल आहे रे ते!

मागच्या सोमवारी आमच्या टीममध्ये नवीन आलेल्या पोराला मी एक काम दिलं. एका रिपोर्टमध्ये एक जास्तीचा कॉलम टाकायचा होता. देताना सवयीने म्हणालो, "ट्रिव्हिअल आहे रे ते, अर्ध्या तासात होईल." पोरगा "ओके" म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला. मंगळवारी दुपारी मी जेवायला उठलो तेव्हा तो त्याच स्क्रीनकडे बघत बसला होता. डोळे लाल. म्हटलं, "अरे, झालं नाही अजून? विचारायचं ना." तर खाली मान घालून म्हणतो, "तुम्ही ट्रिव्हिअल म्हणालात ना, मग विचारणार कसं?"

जेवण गेलं नाही त्या दिवशी. डबा तसाच परत आणला. खरं तर निदान मला तरी हा शब्द तोंडातून काढायची लाज वाटायला हवी होती. का, ते सांगतो, पण त्यासाठी जरा लांबून यावं लागेल. आज शनिवार आहे, बाहेर पाऊस आहे, चहाचं आधण ठेवलेलं आहे, तेव्हा तुम्हालाही घाई नसेल असं धरून चालतो.

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, एम-वनच्या तासाला. आमचं शिक्षण दहावीपर्यंत गावच्या शाळेत, मराठी माध्यमात. अकरावी-बारावीला सायन्स इंग्रजीत होतं, पण शिकवणारे मास्तर मराठीतूनच बोलायचे, त्यामुळे भागलं. पुण्यात आलो आणि एकदम सगळं इंग्रजीतून धबाधबा अंगावर पडायला लागलं. मॅट्रिक्स चालू होतं. उजव्या बाजूला सगळी शून्यं असलेली समीकरणं सरांनी फळ्यावर मांडली आणि म्हणाले, "दिस हॅज अ ट्रिव्हिअल सोल्यूशन, नेक्स्ट."

मी वहीत लिहून घेतलं. त्याच आठवड्यात केली-हॅमिल्टनचा सिद्धांत होऊन गेला होता. त्याआधी क्रेमरचा नियम झाला होता. तेव्हा माझी अशी प्रामाणिक समजूत झाली की ट्रिव्हिअल हाही कोणीतरी गणिती असणार. फ्रेंच वगैरे. मी वहीत चक्क 'ट्रिव्हिअल्स सोल्यूशन' असं लिहिलं, म्हणजे ट्रिव्हिअल साहेबांनी काढलेलं उत्तर. परीक्षेच्या आधी होस्टेलवर एकाने ती वही झेरॉक्सला नेली आणि मग पुढची चार वर्षं मला काही लोक 'मिस्टर ट्रिव्हिअल' म्हणत होते. आता हसू येतं. तेव्हा नाही आलं.

ज्यांनी एम-वन भोगलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. अशा समीकरणांत सगळ्या अज्ञातांना शून्य किंमत दिली की डावीकडे शून्य, उजवीकडे शून्य, उत्तर बरोबर. ते चूक नसतं, पण त्यातून काही कळतही नाही. म्हणून ते ट्रिव्हिअल. शून्य सोडून दुसरं उत्तर आहे का, हा खरा प्रश्न. तसं उत्तर मिळालं तर ते नॉन-ट्रिव्हिअल. गणितवाल्यांच्या तोंडी हा शब्द सतत असतो. रीमानच्या झीटा फंक्शनची शून्यं दोन प्रकारची आहेत. उणे दोन, उणे चार, उणे सहा अशी सरळ ओळीत बसलेली ती 'ट्रिव्हिअल' शून्यं, त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. उरलेली नॉन-ट्रिव्हिअल. ती सगळी एकाच रेषेवर आहेत असं रीमानने १८५९ मध्ये सुचवलं, आणि ते अजून कोणाला सिद्ध करता आलेलं नाही. क्ले इन्स्टिट्यूटने २००० साली त्यावर दहा लाख डॉलर लावून ठेवलेत. म्हणजे एका 'नॉन'ची किंमत दहा लाख डॉलर!

फाइनमनच्या आठवणींच्या पुस्तकात प्रिन्स्टनचे दिवस आहेत. तिथल्या गणितवाल्यांना तो चिडवायचा की तुम्ही लोक फक्त ट्रिव्हिअल प्रमेयंच सिद्ध करू शकता, कारण सिद्ध झालेलं प्रत्येक प्रमेय तुमच्या मते ट्रिव्हिअल असतं. आणि तो एक जुना विनोदही तुम्ही ऐकला असेल. प्राध्यापक फळ्यावर एक पायरी लिहितात, म्हणतात हे ट्रिव्हिअल आहे. एक पोरगा विचारतो, का बरं? प्राध्यापक थबकतात, डोकं खाजवतात, वर्गाबाहेर जातात, अर्ध्या तासाने हसत परत येतात आणि म्हणतात, "हो, ट्रिव्हिअलच आहे." आणि पुढची पायरी लिहायला लागतात. आमच्या ऑफिसात एस्टिमेशनच्या मीटिंगा साधारण अशाच होतात, फक्त बाहेर जाऊन विचार करून यायची पद्धत नाही.

असो. चौथ्या वर्षापर्यंत मी हा शब्द वापरायला शिकलो होतो. नोकरी लागल्यावर तर फारच. ज्या शब्दाने आपलं एकदा हसं झालेलं असतं तो शब्द माणूस जरा जास्तच सराईतपणे वापरतो, असं माझं निरीक्षण आहे (स्वतःवरूनच). "कसं करू?" असं कोणी विचारलं की आपण म्हणायचं "ट्रिव्हिअल आहे." तीन सेकंदांत समोरच्याला तीन गोष्टी कळतात. काम सोपं आहे, मला येतं, आणि तुला येत नसेल तर ते इथे सगळ्यांसमोर सांगू नकोस.

आमच्या धंद्यात तर या शब्दाला अधिकृत मान्यता आहे. बग नोंदवायची जी सॉफ्टवेअरं असतात त्यात प्रत्येक बगला एक दर्जा द्यावा लागतो. जिराची जुनी यादी अशी होती : ब्लॉकर, क्रिटिकल, मेजर, मायनर, ट्रिव्हिअल. बगझिलातही शेवटाकडे ट्रिव्हिअल आहेच. नव्या जिरामध्ये ती नावं बदलली, पण आमच्याकडे जुनंच सेटिंग चालू आहे. आता 'मायनर'च्याही खाली 'ट्रिव्हिअल' म्हणजे काय, तर कोणीतरी कधीतरी रिकामा असला तर बघेल. आणि आमच्याकडे रिकामं कोणी नसतं. त्यामुळे ट्रिव्हिअल हा दर्जा नसून पत्ता आहे. तिथे गेलेला बग परत येत नाही.

तर अशाच एका बगची गोष्ट.

आमची कंपनी छोटी आहे. पतसंस्थांसाठी आमचं एक सॉफ्टवेअर आहे. ठेवी, कर्ज, पिग्मी, पासबुक, सगळं. गेल्या वर्षी सातारा जिल्ह्यातल्या डोंगराकडच्या एका तालुक्यातली एक पतसंस्था आमच्याकडे आली. त्यांचा जुना डेटा डीटीपीवाल्या जुन्या फॉन्टमध्ये होता, तो आम्ही कन्व्हर्टर चालवून युनिकोडमध्ये आणला. काम मीच केलं होतं आणि मला त्याचा अभिमानही होता. महिन्याभराने आमच्या टेस्टर मुलीने एक बग टाकला. मथळा होता : 'ऱ्ह आणि ऱ्य असलेली नावं सर्चमध्ये सापडत नाहीत.'

मी तो उघडला, पाहिलं, मनात म्हणालो की टायपिंग चुकलं असणार काउंटरवाल्यांचं. शंभरात एखादं आडनाव असं असतं. खाली लिहिलं, 'डेटा इश्यू, लो इम्पॅक्ट.' दर्जा : ट्रिव्हिअल. एक मिनिटही गेलं नसेल. ती जागेवर येऊन म्हणाली, "पण सर, टायपिंग बरोबर आहे, मी स्वतः टाकून पाहिलंय." मी म्हणालो, "बघू गं नंतर."

आता बघा. बोऱ्हाडे आणि बोर्‍हाडे. या दोन आडनावांत फरक दिसतोय? नाही ना? कॉम्प्युटरला दिसतो. मराठीत 'र' अर्धा व्हायच्या दोन तऱ्हा आहेत. सूर्यामधला रफार डोक्यावर बसतो आणि सुऱ्यांमधला आडवा, खाली. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना बोलावलं तर प्रवचन होतं, आचाऱ्यांना बोलावलं तर जेवण. हिंदीला या आडव्या अर्ध्या र-ची गरज पडत नाही, आपल्याला पावलोपावली पडते. युनिकोडमध्ये तो दोन मार्गांनी लिहिता येतो. एक म्हणजे खाली नुक्ता असलेला वेगळा 'ऱ' घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरा, साधा 'र', हलन्त, आणि त्याच्यामागे एक अदृश्य जोडणारं चिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण आत साठवलेले आकडे वेगळे. आमच्या कन्व्हर्टरने जुन्या सगळ्या नावांत अदृश्य चिन्हाचा मार्ग घेतला होता. काउंटरवरची माणसं इनस्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप करत होती, तिथे 'ऱ' थेट मिळतो. युनिकोडचं नॉर्मलायझेशन नावाचं एक प्रकरण असतं, त्याने हे दोन एक होतील असं वाटेल, पण होत नाहीत. अदृश्य चिन्ह तसंच मागे राहतं.

परिणाम काय? ग्राहकांच्या यादीत नाव एका प्रकारे, ठेवींच्या यादीत दुसऱ्या प्रकारे. दोन्ही जुळले नाहीत की ती ठेव त्या ग्राहकाच्या नावावर दिसतच नाही. जणू कोणाचीच नाही.

पाच महिन्यांनी पतसंस्थेच्या कारकुनाची मेल आली. वैतागून लिहिलेली नव्हती, त्यामुळे जास्त लागली. एका आजींची ठेव पुरी झाली होती. आजी वरच्या वाडीतून एसटीने यायच्या, गाडी दिवसातून दोनदाच. पहिल्यांदा आल्या तेव्हा नाव सापडलं नाही. आठ दिवसांनी या म्हटलं. पुन्हा आल्या, पुन्हा नाही. हेड ऑफिसची परवानगी काढून हाताने व्यवहार करता येतो, पण त्यालाही सिस्टिममधला ग्राहक क्रमांक ठेवीशी जुळायला लागतो. तिसऱ्या खेपेला आजींनी पावती काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बाबा. त्यात माझं नाव न्हाई." आणि पावती तिथेच टाकून निघून गेल्या.

आजींचं आडनाव इथे लिहीत नाही. पण त्यात तो 'ऱ्ह' होता एवढं सांगतो.

मेल वाचून मी तो जुना बग शोधून काढला. खाली माझ्याच हातचं 'लो इम्पॅक्ट.' दुरुस्तीला किती वेळ लागला म्हणता? वीस मिनिटं. दोन्ही प्रकारचे आडवे र एका साच्यात आणणारं छोटं फंक्शन, आणि सगळ्या नावांवरून एकदा फिरवलेली स्क्रिप्ट. म्हणजे काम खरोखरच ट्रिव्हिअल होतं! पाच महिने आणि तीन एसटीच्या फेऱ्या गेल्या त्या कामाला कोणी हात लावला नाही म्हणून, आणि हात लावला नाही कारण ते ट्रिव्हिअल होतं.

इथे मला पहिल्यांदा जाणवलं की या एका शब्दात आपण दोन वेगळी मापं कोंबतो. करायला किती सोपं, आणि असलं-नसलं तर किती फरक पडतो. पहिलं माप माझं आहे. दुसरं माझं नाहीच, ते आजींचं आहे. पण खाना एकच, आणि तो भरायला कायम मीच बसलेलो. मराठीत सोपं-अवघड म्हणताना एक सोय आहे. 'मला सोपं गेलं, त्याला जड गेलं.' कोणाला, ते बहुतेक वेळा वाक्यातच येतं. 'ट्रिव्हिअल आहे' म्हणताना ती 'कोणाला'ची जागा इतकी गुळगुळीत झालेली असते की तिथे काही होतं हेच विसरायला होतं.

अशा किरकोळ खुणांनी मोठी माणसंही गोत्यात आली आहेत. नासाचं मरिनर-१ हे शुक्राकडे निघालेलं यान २२ जुलै १९६२ रोजी उडालं आणि भरकटायला लागलं म्हणून २९३ सेकंदांनी मुद्दाम उडवून द्यावं लागलं. कारणांपैकी एक म्हणजे मार्गदर्शनाच्या समीकरणात एका अक्षराच्या डोक्यावरची आडवी रेघ उतरवून घेताना सुटली होती. आमचा आडवा र, त्यांची आडवी रेघ. पण खरं सांगू, ही उदाहरणं द्यायला मला आता नको वाटतं. यान पडलं की जगाला कळतं. आजी परत गेल्या की कोणाला कळतं?

तर त्या रात्री झोप येईना म्हणून मी शब्दाचं मूळ शोधत बसलो. इंजिनिअरची झोप उडाली की तो असलंच काहीतरी करतो.

लॅटिनमध्ये 'त्रि' म्हणजे तीन (हे कळायला आपल्याला लॅटिन यायची गरज नाही) आणि 'विया' म्हणजे रस्ता. तीन रस्ते जिथे मिळतात ती जागा म्हणजे 'ट्रिव्हियम'. हे वाचलं आणि मी गादीवर उठून बसलो. अहो, तिठा! कोकणातल्या कोणालाही विचारा. हातखंबा तिठा, झाराप तिठा. कोल्हापूरकडचे तिकटी म्हणतात, पापाची तिकटी आहे की. ज्या शब्दाने मला चार वर्षं छळलं तो मूळचा आमच्या तिठ्याचा निघाला.

आणि 'आमच्या' हे मी उगाच म्हणत नाही. बाबांचं किराणा दुकान आमच्या गावच्या तिठ्यावरच आहे. मी लहानाचा मोठा तिथल्याच बाकड्यावर झालो. एक रस्ता वर हायवेला जातो, एक खाली खाडीकडे आणि एक शाळेवरून देवळाकडे. एसटी तिथे थांबते. पेपरचा गठ्ठा तिथे पडतो. कोणाचं लग्न ठरलं, कोण मुंबईहून आलं, कोणाची गाय हरवली, सगळं आधी तिठ्यावर कळतं. लॅटिनमध्ये 'त्रिवियालिस'चा अर्थ नेमका हाच होता : तिठ्यावरचं, म्हणजे कोणालाही मिळण्यासारखं, सर्रास, साधं. पुढे युरोपात मध्ययुगात विद्यापीठं निघाली, त्यांत सुरुवातीला जे तीन विषय शिकवत त्यांनाही ट्रिव्हियम म्हणायचे. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व. त्यानंतर गणित, भूमिती, संगीत, खगोल असे चार, ते क्वाड्रिव्हियम, म्हणजे चौक! तिठा ओलांडल्याशिवाय चौकात प्रवेश नाही. पहिल्या पायरीवरचं ते क्षुल्लक, असा अर्थ इकडूनही चिकटला म्हणतात. काही असो, सोळावं शतक संपेपर्यंत इंग्रजीत 'बिनमहत्त्वाचं' या अर्थी शब्द रुळला होता.

त्याचा जुना अर्थ मात्र काही कोपऱ्यांत शिल्लक आहे. केमिस्ट्रीत पदार्थाच्या रोजच्या वापरातल्या नावाला अजून 'ट्रिव्हिअल नेम' म्हणतात. प्रोपॅनोन हे शास्त्रीय नाव, अ‍ॅसिटोन हे ट्रिव्हिअल. म्हणजे क्षुल्लक नव्हे, चारचौघांतलं. लिनिअसने १७५३ च्या त्याच्या ग्रंथात वनस्पतींना दोन शब्दांची नावं दिली, त्यातल्या दुसऱ्या शब्दाला तो ट्रिव्हिअल नाव म्हणायचा. आपला आंबा म्हणजे मँगिफेरा इंडिका. त्यातलं 'इंडिका' हे त्याच्या हिशोबाने ट्रिव्हिअल. देवगड-रत्नागिरीच्या बागायतदारांनी हे मनाला लावून घेऊ नये :) आणि आमच्या नेटवर्किंगमध्ये १९८१ पासून ट्रिव्हिअल फाइल ट्रान्स्फर प्रोटोकॉल आहे. त्यात लॉगिन नाही, पासवर्ड नाही, फाइलींची यादी दाखवणं नाही. 'फाइल दे' आणि 'फाइल घे', बस्स. पण हार्डडिस्क नसलेलं मशीन चालू करायचं असलं, राउटरमध्ये नवं सॉफ्टवेअर भरायचं असलं, की याचीच आठवण होते. बाकी काहीच चालू नसतं तेव्हा हा चालतो.

अजून एक गोष्ट सापडली, ती वाचून अंगावर काटा आला. ग्रीकांची हेकटी म्हणून एक देवता होती, तिठ्यांची राखणदार. महिना संपताना, चंद्र नसलेल्या रात्री, तिच्यासाठी तिठ्यावर जेवण नेऊन ठेवायचे. रोमनांनी डायनाशी तिची सांगड घातली आणि तिला नाव दिलं ट्रिव्हिया. आता आमच्या तिठ्यावर अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय असतं ते मला पाठ आहे. भात, लिंबू, गुलाल, कधी नारळ. शाळेत जाताना आई ओरडायची, "उतारा ओलांडू नकोस रे!" बाबा दुकान उघडताना त्याला वळसा घालून जायचे, आणि दुपारपर्यंत कुत्र्यांनी तो प्रश्न सोडवलेला असायचा. कुठे ग्रीस आणि कुठे आमचा तिठा. माणसाला जे घरात ठेवायची भीती वाटते ते तो तिठ्यावर नेऊन ठेवतो. मीही तेच केलं होतं म्हणा, आमच्या जिरामध्ये.

मग गणपतीला घरी गेलो तेव्हा बाबांना हे सगळं सांगितलं. आजींचंही सांगितलं. बाबा तांदूळ पुड्यांत भरत होते. ट्रिव्हिअलला मराठीत काय म्हणाल, म्हणून विचारलं. जरा विचार करून म्हणाले, "किरकोळ." मी म्हटलं, अगदी बरोबर. तर म्हणाले, "मग वाईट काय त्यात? पाटीवर काय लिहिलंय बघ."

पाटी मी जन्मापासून बघतोय आणि कधी वाचली नव्हती. पेंटरने निळ्यावर पांढऱ्याने लिहिलेलं : 'किराणा व भुसार मालाचे घाऊक व किरकोळ व्यापारी.'

"घाऊक गिऱ्हाईक वर्षातनं दोनदा येतं," बाबा म्हणाले. "गणपतीला आणि लग्न असेल तेव्हा. तेही आता बाजारपेठेतनंच नेतात. तू शिकलास तो किरकोळावर. दहाची चहापावडर, पाचाचा गूळ. तेवढ्यासाठी माणूस अर्धा मैल चालून येतो रे, त्याच्या घरात तेव्हा चहा थांबलेला असतो." आणि मग, पुडीला दोरा गुंडाळता गुंडाळता, "त्या बाईचं काय झालं पुढे?"

मला सांगता येईना. कारण तोवर मी दुरुस्ती पाठवली होती, बग बंद केला होता आणि कारकुनाचं 'थँक यू सर' आलं होतं. पुढे काय झालं हे मी विचारलंच नव्हतं. बाबा काही बोलले नाहीत, पण त्यांनी ज्या नजरेने पाहिलं ती मला ठाऊक आहे. एकदा गिऱ्हाइकाला सुट्टे दोन रुपये द्यायचे राहिले म्हणून त्यांनी मला त्याच्या मागे खाडीपर्यंत पळवलं होतं, तेव्हा तशीच नजर होती.

पुण्याला परत आल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे टेस्टर मुलीच्या जागेवर जाऊन सॉरी म्हणालो. ती म्हणाली, "इट्स ओके सर." हे 'ओके' त्या नव्या पोराच्या 'ओके'च्याच जातीचं होतं, ते मला त्या दिवशी कळलं नाही. मग पतसंस्थेत फोन लावला. कारकून म्हणाला, आजी अजून आलेल्या नाहीत, वाडीतल्या एका माणसाकडे निरोप दिलाय. मी दर सोमवारी फोन करायला लागलो. पहिल्या सोमवारी नाही. दुसऱ्या सोमवारी नाही. कारकुनालाही बहुतेक वाटायला लागलं असेल की या साहेबाला दुसरं काम नाही.

चौथ्या सोमवारी मी काही बोलायच्या आधी त्यानेच सांगितलं, "आल्या होत्या शुक्रवारी. दिले पैसे."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. सही... म्हणजे अंगठाच असतो त्यांचा. अंगठा दिला, पैसे मोजून घेतले. मग म्हणाल्या, आता माझं नाव आलंय का त्यात, ते वाचून दाखव. म्हणून स्क्रीन फिरवली त्यांच्याकडे आणि वाचून दाखवलं, पूर्ण."

"मग?"

"मग काय, म्हणाल्या परत वाच. दुसऱ्यांदा वाचलं. तेवढ्यात एसटी लागली, गेल्या."

चहा झाला असेल, बघतो. त्या नव्या पोराचा कॉलम बुधवारी आम्ही दोघांनी बसून लावला. मलाही दोन तास लागले.